जादा ब्रेक

सप्लिमेंटल या शब्दाला मराठीत काय म्हणावं हे मला एकोणिसाव्या वर्षी माहीत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवरून माझे वडील रियाधच्या पश्चिमेचा घाट ब्रेक नसलेली गाडी मागे बांधून उतरणार होते. त्या दिवसांतला राग माझ्यात अजून आहे. त्यातला किती कोणावर होता हे तेव्हा सांगता आलं नसतं. मी तेव्हा फारसं काही सांगतच नसे.

पप्पा एका मोठ्या व्यापारी घराण्याच्या वर्कशॉपचे मॅनेजर होते. ट्रक, पाण्याचे टँकर, घरच्या गाड्या, सगळ्यांची दुरुस्ती त्यांच्याकडे. त्या घराण्यातला मधला मुलगा त्यांचा कफील, म्हणजे तिथल्या कायद्याने आमची हमी घेणारा मालक. आमचे इकामे, म्हणजे देशात राहण्याचे परवाने, त्याच्या सहीवर चालत आणि आमचे तिघांचे पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या तिजोरीत असत. त्या वर्षी, देश सोडून जाणाऱ्या एका अमेरिकनाकडून त्याने मोटरहोम विकत घेतलं. बसएवढी लांब गाडी, आत बिछाने, शेगडी, फ्रीज, न्हाणी. हिवाळ्यात ही मंडळी वाळवंटात तंबू ठोकून आठ-आठ दिवस राहतात. कफिलाच्या म्हाताऱ्या आईचे गुडघे गेले होते, तिला तंबूत उठबस जमत नव्हती. तिच्यासाठी हे फिरतं घर.

एवढं धूड वाळूत शिरत नाही. म्हणून त्याच्या मागे एक जीप बांधून न्यायची, चारही चाकं रस्त्यावर, आत कोणी नाही. मुक्कामावर पोचलं की जीप सोडायची आणि तिच्यातून हिंडायचं. अमेरिकेत निवृत्त माणसं असंच फिरतात म्हणे. कफिलाने ओढायचा लोखंडी दांडा मागवला आणि पहिली फेरी पप्पांनीच चालवायची असं ठरवून टाकलं. ड्रायव्हरवर त्याचा विश्वास नव्हता. पप्पांवर होता, आणि पप्पांना त्याचा केवढा अभिमान होता.

दांड्याबरोबर कॅटलॉगांचा गठ्ठा आला. तो पप्पांनी घरी आणून माझ्यासमोर ठेवला.

"तुझं इंग्लिश चांगलं आहे. वाच आणि मला थोडक्यात सांग. जीपच्या ब्रेकचं काय करायचं म्हणतात ते बघ."

माझ्याकडे वेळच वेळ होता. बारावी होऊन वर्ष झालं होतं. वर्गातल्या मुली पुण्याला, मंगळूरला, चेन्नईला कॉलेजात गेल्या. मी राहिले, कारण पप्पा म्हणाले पुढच्या वर्षी बघू. टपालाने बी. कॉम. चालू होतं. दुकानापर्यंत जायचं तरी पप्पा लागत. दिवसभर आईचं शिलाई मशीन आणि मी. तेव्हा तो गठ्ठा मी कादंबरीसारखा वाचला, दोनदा. मग इंटरनेटचं प्रीपेड कार्ड खरवडून, फोनची लाइन अडवून, त्या अमेरिकन म्हाताऱ्यांच्या चर्चा वाचायला लागले. ते ब्रेकवरून असे भांडत होते की आमच्या शाळेच्या पालकसभेची आठवण यावी.

मुद्दा सरळ होता. मोठी गाडी थांबते तेव्हा मागची आपण होऊन थांबत नाही, ती ढकलते. सपाट रस्त्यावर थांबायला अंतर जास्त लागतं, एवढंच. उतारावर, आणि त्यातही वळणावर, ती पुढच्या गाडीचा मागचा भाग बाजूला रेटू शकते. मोटरहोमच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं होतं, अमुक वजनाच्या पुढची गाडी ओढायची असेल तर तिचा स्वतःचा ब्रेक लागायची सोय हवी. जीप त्या वजनाच्या कितीतरी पुढे होती.

आईला हे मी जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "सुपरमार्केटमध्ये मागच्या बाईची ट्रॉली टाचेवर येते तसं."

"एक्झॅक्टली."

"मग मागच्या बाईनेही थांबायला पाहिजे. मी एकटी थांबून काय उपयोग?"

पप्पांनी भात कालवत मान डोलावली. "कळलं तिला. आता माझ्या कफिलाला कळलं की झालं."

ब्रेक बसवायच्या तऱ्हा तीन-चार होत्या. एक पेटी होती. ती जीपच्या ड्रायव्हर सीटपुढे ठेवायची, तिचा हात ब्रेकच्या पेडलला चिमट्याने अडकवायचा, गाडी मंदावल्याचा झटका तिला जाणवला की ती पेडल दाबते. बसवायला सोपी, पण दर वेळी काढायची आणि लावायची, आणि जरा घट्ट लावली तर ब्रेक सारखाच थोडा लागून राहतो आणि चाक तापतं. दुसरी तऱ्हा दांड्यातली होती. मागची गाडी पुढे रेटली की दांडा आत सरकतो आणि एक केबल पेडल ओढते. स्वस्त. पण लांब उतारावर जीप सतत रेटतच असते, मग ब्रेकही सतत लागत राहणार. तिसरीत मोटरहोमच्याच ब्रेकमधून हवा नळीने मागे न्यायची. आमच्या मोटरहोमचे ब्रेक हवेचे होते, ट्रकसारखे. ड्रायव्हरने पाय जितका दाबला तितकंच मागचं पेडल दबतं, पाय उचलला की सुटतं. शिवाय दांडा तुटलाच, तर एक बारीक तार खेचली जाऊन जीप आपली आपण थांबते.

मला तिसरी पटत होती, पण खात्री हवी होती. मी त्या चर्चेत एक प्रश्न टाकला. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसांशी बोलत होते. सही म्हणून लिहिलं, वर्कशॉप मॅनेजर, रियाध. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याचं लांबलचक उत्तर आलं, सुरुवात "डिअर सर". तो बायकोबरोबर डोंगरातून उतरत होता, मागच्या गाडीला ब्रेक नव्हता, आणि वळणावर आरशात त्याला स्वतःचीच गाडी आडवी येताना दिसली. दोघं थोडक्यात वाचले. तुमच्याकडे हवेचे ब्रेक असतील तर दुसरा विचार करू नका, असं त्याने लिहिलं होतं.

मी दोन पानं टाइप केली. प्रत्येक तऱ्हेची बाजू, आमचा उतार, जीपचं वजन, शेवटी शिफारस. मला ती पानं फार आवडली. शाळेत इतकं नीट काही लिहिलं नव्हतं. वर शीर्षक होतं, सप्लिमेंटल ब्रेकिंग सिस्टिम.

पप्पांनी पेन उघडून खाली स्वतःची सही केली. मी बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, सवयीने केली.

"सप्लिमेंटल म्हणजे नेमकं काय म्हणायचं?" त्यांनी विचारलं. "कफील काही कागद वाचणार नाहीत. मला तोंडी सांगावं लागेल."

मी म्हणाले, "जादा. एक्स्ट्रा टाइप."

हे मी म्हणाले. मराठी मला स्वयंपाकघरापुरतं येत होतं. शाळेत हिंदी आणि अरबी, बाहेर इंग्रजी. जादा म्हणजे जादा तास, जादा चटणी, जादा बोलू नकोस. त्या वेळी दुसरा शब्द सुचला नाही आणि मी लगेच टीव्हीकडे वळले, कारण सहीचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी पप्पा ते कागद घेऊन कफिलाच्या ओलाया भागातल्या ऑफिसात गेले आणि दुपारी जेवायला घरी आले. बूट काढता काढता म्हणाले, "खलास. जादा ब्रेक नको म्हणाले."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको."

"पप्पा, व्हॉट एक्झॅक्टली डिड यू से?"

त्यांनी सांगितलं. ते कफिलाला म्हणाले होते, हाझा ब्रेक झियादा. हा ब्रेक जादा. आपला जादा आणि त्यांचा झियादा कानाला एकच लागतो, म्हणून पप्पांनी तो उचलून तिकडे ठेवला. पण शाळेच्या अरबीत झियादा म्हणजे भर, वरचं, असलं तर असलं. आणि कफिलाकडे येणारा प्रत्येक माणूस त्याला काहीतरी वरचं विकायलाच बसलेला. पुढे टीव्ही लावायचा का, सीटवर चामडं चढवायचं का, ब्रेक जादा घ्यायचा का. तो हसून म्हणाला होता, झियादा मा फी, वरचं काही नको. मोटरहोमला आहेत की ब्रेक.

मी ताट सरकवलं. "यू टोल्ड हिम इट्स ऑप्शनल."

"तूच सांगितलंस जादा."

ते खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. "मग परत जा. सांगा की जीपला ब्रेकच नाहीये. ट्रकच्या मागे ब्रेक नसलेला ट्रेलर तुम्ही सोडता का? माल खोळंबला तर खोळंबला, पण गाडी सोडत नाही तुम्ही."

"ट्रेलर वेगळा. ही जीप हलकी आहे. मी पहिल्या गिअरमध्ये उतरीन."

"मॅन्युअलमध्ये लिहिलंय."

"मॅन्युअल तुझ्या अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांसाठी असतं. मी पंचवीस वर्षं गाड्यांत काढली."

"मग पंचवीस वर्षांत एकदा तरी नाही म्हणा त्यांना."

आई फ्रीजमधून ताक काढत होती. "जीपला ब्रेक नंतर बसवा," ती म्हणाली, "आधी या दोघांच्या तोंडाला बसवा."

कोणी हसलं नाही. पप्पांचा आवाज खाली आला, तो खाली आला की मला जास्त भीती वाटे. "इकामे महिन्याभरात संपतायत. तिघांचे. त्यांनी एकदा खलास म्हटल्यावर त्याच विषयावर परत गेलेला माणूस मी बघितलाय. तू नाही बघितलास. आता यावर जादा शहाणपणा नको."

मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटले आणि खोलीत गेले. मला त्यांच्या भित्रेपणाचा राग आला आणि तो राग येतोय याचाही आला, कारण ते भित्रे कोणासाठी होते हे मला माहीत होतं. पण कड्यावरून तो रस्ता मी पाहिला होता. सहलीला गेलो होतो. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला नुसती हवा, आणि खाली तांबडं मैदान इतकं खोल की ट्रक खेळण्यांसारखे दिसत. पहिला गिअर म्हणे. मी रोज रात्री अंथरुणात ते मोटरहोम वळणावर आणून ठेवत असे आणि पुढे जाऊ देत नसे.

फेरीला तीन आठवडे होते. मी तो विषय जेवताना दोनदा काढला. एकदा पप्पा उठून गेले, एकदा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. कफिलाला फोन करायचा तर त्याच्या ऑफिसात माझा आवाज ऐकूनच फोन पप्पांकडे दिला असता. मुळात मी फोन केलाच नसता. घरी पिझ्झा मागवायचा तरी मी आईला बोलायला लावत असे.

मग आईला कफिलाच्या घरून निरोप आला. बायका बसणार म्हणून मोटरहोमच्या खिडक्यांना जाड पडदे हवे होते, आणि मॅनेजरची बायको शिवते हे त्यांना ठाऊक होतं. मापं घ्यायला आम्ही दोघी कफिलाच्या घरी गेलो. अंगणात ते उभं होतं, पांढरं, माझ्या कल्पनेपेक्षा लांब. मागे जीप आधीच बांधून ठेवली होती, सराव म्हणून. मी तिच्या खिडकीतून आत बघितलं. रिकामी सीट, पेडल, त्यावर धूळ.

आई खिडक्या मोजत होती आणि मी वहीत आकडे लिहीत होते, तेवढ्यात कफिलाची आई काठी टेकत चढून आली. आम्ही दोघींनी तिला धरून वर घेतलं. ती कोचावर बसली, धापा टाकत, आणि आनंदाने सगळीकडे बघत राहिली. आईशी बोलायला तिच्याकडे शब्द नव्हते, म्हणून माझ्याशी बोलायला लागली. हळू, लहान मुलाशी बोलावं तसं. शाळेच्या अरबीवर मला निम्मं कळत होतं. इथे मी बसणार, तिथे नातवंडं. शेगडीवर चहा. तुझे वडील गाडी चालवणार, चांगला माणूस. मग तिने काठीने मागे दाखवलं. त्या जीपमध्ये कोण बसणार?

"मा फी," मी म्हणाले. कोणी नाही.

"कोणीच नाही?"

"मा फी."

तिने थोडा विचार केला. "मग तिचा ब्रेक कोण दाबणार?"

हा प्रश्न पप्पांनी विचारला नव्हता, कफिलाने विचारला नव्हता. मी आईकडे बघितलं. आई टेपचं टोक दातात धरून खिडकीशी होती, तिला काही कळलेलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर तेही चाललं असतं, मी गप्प राहणारी मुलगी आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

"ब्रेक मा फी," मी म्हणाले. ब्रेक नाही.

म्हातारीने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणाले, आणि एका तळहातामागून दुसरा तळहात नेऊन आपटून दाखवला, आणि दोन्ही खाली गेल्याचं दाखवलं. तिने बुरख्यातून मोबाइल काढला. पुढचं मला कळलं नाही, फक्त दोन गोष्टी कळल्या. ब्रेक मा फी, हे ती चार वेळा म्हणाली. आणि मजनून, म्हणजे वेडा, हे स्वतःच्या मुलाला.

घरी येताना टॅक्सीत आईने विचारलं, "काय बोललीस गं त्यांना?"

"त्यांनी विचारलं. मी आन्सर दिलं."

"तुझं आन्सर ऐकून त्या बाईने घर डोक्यावर घेतलं."

संध्याकाळी पप्पा आले. बूट न काढता दारातच उभे राहिले.

"त्यांनी मला केबिनमध्ये उभं केलं. सगळ्यांसमोर. म्हणाले, दहा वर्षं माझ्याकडे आहेस, मा फी हा शब्द तुला येत नाही? ब्रेक नाही म्हणायचं सोडून झियादा म्हणतोस? माझी आई बसणार आहे त्यात."

मी विचारलं, "मग?"

"मग काय? ते तुझे कागद काढले त्यांनी. पहिल्यांदा वाचले. विचारलं, हे कोणी लिहिलं? तुला असलं इंग्लिश येत नाही."

मी थांबले. वाटलं, आता माझं नाव येणार.

"मी सांगितलं, मुलाने लिहिलं. इंडियात इंजिनिअरिंग करतो."

मी एकुलती एक आहे.

आईने हातातला चमचा खाली ठेवला. "कधी झाला तो? मला कळवलं नाहीत."

"अगं, तिथे ऑफिसात घरातल्या मुलीचं नाव काढत नाहीत. बायकोचं काढत नाहीत. आणि मुलीने लिहिलंय म्हटलं असतं तर तिथेच मिटवून ठेवले असते ते कागद." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चपलांच्या कपाटाकडे. "पुढे काय म्हणाले माहितीये? तुझा मुलगा लिहितो, तुझी मुलगी बोलते, मग तुला पगार कशाचा देतो?"

त्यांचा चेहरा लाल झाला होता. माझ्यामुळे ते तिथे उभे राहिले होते हे मला दिसत होतं, आणि तरी मला त्यांची दया येत नव्हती. मी म्हणाले, "बट ही इज ऑर्डरिंग इट?"

"मागवलाय. तू लिहिलास तोच. तिसरा."

"ओके," मी म्हणाले आणि खोलीत गेले. दार आपटलं नाही. आपटायला हवं होतं.

सामान अमेरिकेहून यायला महिना लागला, फेरी तेवढी पुढे गेली. इकामे वाढवून मिळाले, काहीच अडलं नाही. त्या महिन्यात पप्पा माझ्याशी कामापुरतं बोलत होते आणि मी तेवढंही नाही. पण नळ्या कुठून न्यायच्या हे कळेना तेव्हा मॅन्युअल पुन्हा माझ्या टेबलावर आलं. त्यावर एक चिठ्ठी, पान अमुक समजावून दे. मी समजावलं. या वेळी प्रत्येक शब्दापाशी थांबले. जिथे मराठी येत नव्हतं तिथे कागदावर चित्र काढलं, आणि पप्पांना ते नीट समजलंय ना म्हणून त्यांच्याकडून परत वदवून घेतलं. त्यांना ते आवडलं नाही. मला पर्वा नव्हती.

एका शुक्रवारी ते मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. सुटी होती, आवारात कोणी नव्हतं. मला जीपमध्ये बसवलं आणि स्वतः चालत पुढे मोटरहोममध्ये चढले. मी पाय आखडून घेतले आणि खाली बघत राहिले. हवेचा सुस्कारा आला आणि पेडल माझ्या पायाशिवाय खाली गेलं, मग वर आलं.

"गेलं का?" त्यांनी खिडकीतून ओरडून विचारलं.

"गेलं."

"किती?"

"अर्धं."

त्यांनी जोरात दाबलं. पूर्ण गेलं. असं आम्ही वीस-पंचवीस वेळा केलं. मी सांगितल्याखेरीज ते पुढची पायरी घेत नव्हते. मग त्यांनी मला ती बारीक तार ओढायला सांगितलं, दांडा तुटल्यासारखी. मी ओढली. पेडल धाडकन खाली गेलं आणि तिथेच राहिलं.

निघायच्या दिवशी मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. आई दारापर्यंत गेली. दहा वाजेपर्यंत घाट येणार होता. साडेदहा झाले. आईने पडद्यांचं उरलेलं कापड घडी घालून ठेवलं, परत उलगडलं. अकराला फोन वाजला. आईने उचलला, ऐकलं, आणि माझ्यापुढे धरला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतात."

"उतरलो," पप्पा म्हणाले. मागे मुलांचा गोंगाट आणि म्हातारीचं हसू ऐकू येत होतं. "मागची गाडी आहे असं जाणवलंच नाही बघ. खाली येऊन हात लावला, चाकंसुद्धा फार तापली नाहीत."

मी जमिनीवर बसले.

"कफील म्हणतात, मुलाला सलाम सांग."

"मग सांगा त्याला," मी म्हणाले. मराठीत म्हणाले. मी थोडा वेळ त्यांचा श्वास ऐकला, ते धड आहेत एवढं ऐकण्यापुरता, आणि फोन आईच्या हातात दिला.